गाळून टाकलेले बिंदू



समजा, एखाद्या सकाळी तुमच्या गावावर एक हेलिकॉप्टर आले. ते कोठे उतरले नाही. गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ गेले, वळले, आणि शेतकरी नांगराचे एक तास संपवून शेजारचे तास धरतो तसे पहिल्या वाटेला लागूनच परत आले. असे काही वेळा करून ते निघून गेले. वर्गातली मुले खिडकीशी गोळा झाली, गुरुजी रागावले, आणि संध्याकाळपर्यंत सारे ती गोष्ट विसरूनही गेले. परंतु तेवढ्या वेळात गावातील शेतांचे बांध, घरांची छपरे, विहिरींचे काठ आणि आंब्यांचे शेंडे मोजून झाले होते. पुढे दोन-चार वर्षांनी गावावरून रस्ता, कालवा किंवा लोहमार्ग जाणार असे कळेल, तेव्हा त्याची आखणी त्या सकाळच्या मोजणीवर झालेली असेल.

ही मोजणी लेसर किरणांनी होते. तिच्या इंग्रजी नावातील अक्षरे घेऊन तिला ‘लिडार’ म्हणतात. रडार जे काम रेडिओलहरींनी करते, तेच लिडार प्रकाशाने करते. या तंत्राचे कौतुक तुम्ही वाचले असेल आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज त्यातील एका टप्प्याविषयी लिहायचे आहे, ज्याचा उल्लेख कौतुकाच्या लेखांत क्वचितच येतो. विमानातून मोजलेल्या बिंदूंपैकी पुष्कळसे बिंदू जमिनीचा नकाशा करताना गाळून टाकले जातात. कोणते गाळायचे हे कोण ठरवतो, आणि गाळलेल्यांचे पुढे काय होते, हे ज्यांची जमीन मोजली गेली त्यांना विचारता आले पाहिजे आणि पाहताही आले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्याआधी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ.

साखळी, थिओडोलाइट आणि सहा मायक्रोसेकंद

जमीन मोजण्याचे काम फार जुने. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. ३३ हा आकडा आला कोठून? मोजणीदाराची साखळी ३३ फुटांची असे, त्यावरून. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर आले, पण बोलण्यातला गुंठा अजून त्या साखळीची आठवण ठेवून आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवून कोन मोजत मोजत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. वीस वर्षे चाललेले काम त्याला पुरे झालेले दिसले नाही.

लिडार हेच काम वेगळ्या रीतीने करते. विमानातील पेटीतून लेसरचे अतिशय छोटे स्पंदन खाली सोडले जाते. ते जमिनीवर आपटून परत येते. जायला-यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळले. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. विमान ९०० मीटर उंचीवर असेल तर स्पंदनाला एकूण १८०० मीटर अंतर कापावे लागेल, आणि त्यासाठी फक्त ६ मायक्रोसेकंद लागतील. म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांतील सहा भाग. वहीत गुणाकार करून पाहा. याच हिशेबाने घड्याळ एका नॅनोसेकंदाने, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाने चुकले, तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकते. १५ सेंटिमीटर ही चूक क्षुल्लक वाटेल. पण कालव्याचा उतार पुष्कळदा किलोमीटरला २० सेंटिमीटर इतकाच ठेवलेला असतो. तेथे एवढ्या चुकीने पाणी पुढे जायचे की मागे फिरायचे, हे बदलू शकते.

अशी स्पंदने सेकंदाला काही लाख सोडली जातात. एक फिरता किंवा डुलता आरसा ती डावीकडून उजवीकडे पसरवतो, आणि विमान पुढे जात असल्याने जमिनीचा एक पट्टाच्या पट्टा बिंदूंनी भरून निघतो. परंतु विमान काही हवेत खिळा ठोकून बसवलेले नसते. ते डुलते, कलते, वाऱ्याने सरकते. त्यामुळे प्रत्येक क्षणी ते नेमके कोठे होते हे जी.पी.एस. उपग्रहांच्या साहाय्याने, आणि कोणत्या अंगाने किती कलले होते हे जायरोस्कोपच्या साहाय्याने नोंदले जाते. कल मोजताना एका अंशाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर १००० मीटर उंचीवरून बिंदू १७ सेंटिमीटर बाजूला पडतो. म्हणूनच जमिनीवरही काही खुणा आधी अचूक मोजून ठेवाव्या लागतात. विमानाने मोजलेले आकडे त्या खुणांशी जुळतात का, हे पडताळावे लागते. हवाई मोजणी झाली तरी कोणीतरी जमिनीवर उभे असावेच लागते, हे येथेच लक्षात ठेवा.

उंचीची एक गंमत सांगून पुढे जातो. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या एका कल्पित, गुळगुळीत लंबगोल आकारापासून मोजलेली असते. पाणी मात्र तो आकार ओळखत नाही. ते गुरुत्वाकर्षणाच्या सांगण्याने वाहते. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात समुद्राची सरासरी पातळी त्या कल्पित आकाराच्या सुमारे १०६ मीटर खाली आहे. आपल्याकडेही हा फरक काही दशक मीटरांचा आहे आणि तो जागोजागी बदलतो. तो दुरुस्त केल्याखेरीज लिडारच्या आकड्यांवरून पाणी कोठे वाहील हे सांगता येत नाही.

कवडसे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दुपारी आंब्याखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसतील. ऊन ज्या फटींतून खाली आले, त्याच फटींतून लेसरही खाली जाऊ शकते. विमानातून सोडलेला किरण जमिनीपर्यंत येता येता थोडा पसरतो. ९०० मीटर खाली त्याचा ठिपका जेवणाच्या ताटाएवढा होतो. त्या ताटातला काही प्रकाश शेंड्याच्या पानांवर आपटून परत फिरतो, काही मधल्या फांदीवरून, आणि उरलेला कवडशातून जमिनीवर पोहोचून. एका स्पंदनाची तीन-चार उत्तरे येतात. पहिले उत्तर झाडाचे, शेवटचे बहुधा जमिनीचे.

‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. दाट बांबूच्या बेटात कवडसे नसतात. तोडणीला आलेल्या उसाच्या फडात तर पाहायलाच नको. तेथे शेवटचे उत्तरही पाचटाचेच असते आणि यंत्राच्या हिशेबी जमीन पुरुषभर वर उचलली जाते.

असे कोट्यवधी बिंदू मिळून संगणकात गावाचा एक ढग तयार होतो. बिंदूंचा ढग. त्यात झाडे आहेत, घरे आहेत, विजेच्या तारा आहेत, उडणारा एखादा बगळाही असू शकतो. परंतु रस्ता आखणाऱ्या अभियंत्याला किती भराव घालायचा आणि किती खोदायचे हे काढायचे असते. त्यासाठी त्याला उघडी जमीन हवी. म्हणून ढगातून ‘जमीन नसलेले’ बिंदू वेगळे काढतात. ते कसे?

याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली एक मला फार आवडते. संगणकात सगळा ढग उलटा करतात, म्हणजे जमीन वर आणि झाडे खाली लोंबकळणारी. मग त्याच्यावर एक कल्पित चादर टाकतात. चादर जेथे टेकेल ती जमीन. जे बिंदू चादरीपासून दूर, खाली लोंबत राहतील ते झाडे, घरे, खांब. ते गाळायचे. कल्पना किती साधी आणि किती सुंदर!

पण घरी उशांच्या ढिगावर चादर टाकून पाहा. धुऊन मऊ झालेली चादर प्रत्येक उशीच्या खाचेत शिरते. खळ लावलेली कडक चादर खाचांवर ताठ राहते. संगणकातली चादर किती कडक ठेवायची, हे कोणीतरी माणूस ठरवतो. सपाट प्रदेशासाठी कडक, डोंगराळ प्रदेशासाठी मऊ, असा ढोबळ नियम. कडक चादर ठेवली की सह्याद्रीतल्या कड्याची धार घरासारखी उभी दिसते आणि छाटली जाते. गडाचा तट जातो. उतारावर पिढ्यानपिढ्या रचलेला दगडी ताल, ज्याच्यामागे मूठभर माती अडली आणि त्या मातीत नाचणी झाली, तो ‘जमीन नव्हे’ म्हणून निघून जाऊ शकतो. चादर फार मऊ ठेवली की दाट झुडपेच जमीन बनतात. याखेरीज रस्त्याखालची मोरी विमानातून दिसतच नाही. ती नकाशात कोणी हाताने उघडली नाही, तर रस्त्याचा भराव हा धरणासारखा अखंड बांध ठरतो, आणि संगणक एका अंगाला तळे दाखवतो व दुसऱ्या अंगाला कोरडा ओढा.

गाळणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. मध्य अमेरिकेतील बेलीझ देशात काराकोल नावाचे माया संस्कृतीचे प्राचीन नगर आहे. संशोधकांनी तेथे दाट जंगलातून पायी फिरून सुमारे पंचवीस वर्षांत २३ चौरस किलोमीटरांचा नकाशा केला होता. २००९ साली विमानातून लेसर सोडून चार दिवसांत २०० चौरस किलोमीटर मोजले. झाडांचे बिंदू बाजूला काढताच खाली शेतीच्या पायऱ्या, रस्ते आणि घरांचे चौथरे उमटले. झाडे गाळली नसती तर हे दिसले नसते. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. पायऱ्या कशा असतात हे त्या संशोधकांना पंचवीस वर्षांच्या पायपिटीने ठाऊक होते. म्हणूनच पडद्यावरच्या रेघा त्यांनी ओळखल्या.

बारा आठवडे

आपल्याकडे या पद्धतीचा गाजलेला उपयोग मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी झाला. या ५०८ किलोमीटरांच्या मार्गाचे भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले. नेहमीच्या पद्धतीने ज्या मोजणीला दहा ते बारा महिने लागले असते, ती हवाई लिडारने बारा आठवड्यांत झाली, असे प्रकल्प राबवणाऱ्या नॅशनल हाय स्पीड रेल कॉर्पोरेशनने सांगितले आहे. त्यानंतर दिल्ली–वाराणसी मार्गासाठी आणि मार्च २०२१ मध्ये मुंबई–नागपूर मार्गासाठी अशीच मोजणी सुरू झाली. जून २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा राज्यांतील निवडक वनक्षेत्रांचे लिडारवर आधारलेले अहवाल प्रसिद्ध केले. पाणी कोठे अडवावे, चारा कोठे वाढवावा हे ठरवण्यासाठी ते होते, आणि त्या दहांत महाराष्ट्र व गोवा दोन्ही होते.

या वेगाचे मोल कमी लेखू नका. मोजणी लांबते तेव्हा खर्च वाढतोच, शिवाय ज्यांची जमीन जाणार की राहणार हे ठरायचे असते त्यांचे जीवही टांगणीला लागून राहतात. विहीर खणावी की नको, मुलाच्या लग्नाआधी खोली वाढवावी की नको, सारे अडते. लवकर आणि अचूक मोजणी ही त्यांच्यावरही मेहेरबानीच. पुन्हा, या रेल्वे प्रकल्पांत लेसरबरोबर छायाचित्रेही घेतली गेली आणि पट्ट्यातील घरे, झाडे यांची नोंद करणे हाही त्या मोजणीचा उद्देश होता. म्हणजे गाळलेले बिंदू तेथे अगदीच कचऱ्यात गेले नाहीत.

झाडे मोजल्याने काय होते, याचे उदाहरण याच मार्गावर आहे. मुंबई, ठाणे आणि पालघर भागात या मार्गासाठी कांदळवनातली ५३ हजारांहून अधिक झाडे तोडावी लागतील असा सुरुवातीचा अंदाज होता. कांदळवन तोडण्यास उच्च न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून आकडा न्यायालयापुढे ठेवावा लागला, आराखड्यात बदल करावे लागले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली ती सुमारे २२ हजार झाडांसाठी. बावीस हजार हाही लहान आकडा नव्हे, आणि तोडलेल्या कांदळवनाची जागा दुसरीकडे लावलेली रोपे कितपत भरून काढतील याबद्दल मला शंका आहे. पण ५३ आणि २२ यांमधला फरक कशाने पडला? कोणीतरी झाडांची मोजदाद उघडपणे कागदावर मांडली होती आणि दुसऱ्या कोणाला ती पाहून प्रश्न विचारता आले होते, म्हणून.

हीच सोय प्रत्येक गावाला का नसावी?

मे महिन्यातला सडा

बिंदूला उंची असते, जागा असते, परतलेल्या प्रकाशाचा जोर असतो. त्याला उपयोग नसतो आणि ऋतू नसतो. लेसर ढगांतून आरपार जात नाही, म्हणून पावसाळ्यात ही मोजणी होत नाही. पाने गळलेली असली की कवडसे जास्त, म्हणून उन्हाळा सोयीचा. तंत्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. पण कोकणातला जांभ्याचा सडा मे महिन्यात मोजला तर काय दिसेल? सपाट, काळसर, उघडा कातळ. प्रकल्पासाठी याहून सोयीची जागा कोणती? ना झाड, ना घर, ना भराव, ना खोदाई. तोच सडा श्रावणात पाहा. खळग्यांत पाणी, त्यात बेडूक, आणि बोटभर मातीवर उगवलेली निळी-पिवळी रानफुले. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आले ते याच श्रीमंतीमुळे. मे महिन्यात तेथे गेलेला मनुष्य त्याला माळरानच म्हणेल.

रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर कातळात कोरलेली प्राणी-माणसांची चित्रे आहेत. ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत दाखल झाली. कोरीव रेघेची खोली काही सेंटिमीटर. वरून पडलेले ताटाएवढे ठिपके तिच्यावरून सहज निसटतील. शोध घेणाऱ्यांनी यांतली कितीतरी चित्रे शोधली ती गुराख्यांना आणि वृद्ध गावकऱ्यांना विचारून.

जुना मोजणीदार फार चांगला होता, असा माझा दावा नाही. साखळी ताणताना लबाडी होई, झाडाखाली बसून भरलेली मोजणीवहीही असे, आणि हद्दीचा दगड रात्रीतून सरकल्याच्या तक्रारींनी कचेऱ्या भरलेल्या असत. त्याच्याजवळ एकच गुण होता, आणि तोही त्याच्या इच्छेवर अवलंबून नव्हता. त्याला चालावे लागे. तहान लागली की विहिरीवर थांबावे लागे, आणि ती विहीर मार्चमध्ये आटते की नाही हे तेथेच कळे. ओढा ओलांडताना कोणीतरी सांगे की श्रावणात येथून पलीकडे जाता येत नाही. लिडारने हे चालणे वाचवले. चालण्याचा खर्च वाचला हे चांगले झाले. चालताना कानावर पडणारी माहिती वाचवलेल्या पैशात कोठे मांडली गेली नाही.

ढग गावाला दाखवा

म्हणून माझी मागणी अशी. कोणत्याही सार्वजनिक प्रकल्पासाठी हवाई मोजणी झाली की उघड्या जमिनीच्या नकाशाबरोबर न गाळलेला मूळ ढगही जपून ठेवावा. चादर किती कडक ठेवली होती, मोजणी कोणत्या महिन्यात झाली, कोणत्या शेतांत ऊस उभा होता, हे त्याच्यासोबत लिहावे. आणि आखणी पक्की होण्याआधी दोन्ही चित्रे, झाडा-घरांसह गाव आणि झाडा-घरांविना गाव, ग्रामपंचायतीत शेजारी शेजारी लावावीत. पहिल्या चित्रात काय आहे ते कोणीही गावकरी ओळखेल. दुसऱ्यात काय नाहीसे झाले ते मग त्याला दिसेल. ‘येथे आमची मोरी आहे’, ‘हा ताल तुमच्या नकाशात नाही’, असे म्हणायला त्याला अभियंता असावे लागत नाही.

यावर पहिली हरकत सुरक्षिततेची येईल. एवढा बारीक नकाशा सगळ्यांच्या हाती द्यावा का? लष्करी ठाणी आणि तशी स्थळे वगळावीत, यात वाद नाही. पण उरलेल्या देशाबद्दल सरकारचेच धोरण उघडेपणाकडे वळले आहे. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की सार्वजनिक पैशातून तयार झालेली भूस्थानिक माहिती, सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती सोडता, भारतीयांना सहज उपलब्ध व्हावी. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत साऱ्या देशाचा बारीक उंचीनकाशा करण्याचे उद्दिष्ट आहे. सपाट प्रदेशात २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ प्रदेशात १ ते ३ मीटर इतक्या बारकाईचा. म्हणजे आज नववीत असलेला विद्यार्थी कमावता होईपर्यंत त्याच्या गावाचा असा नकाशा कोठेतरी तयार असायला हवा. प्रश्न एवढाच की तो कोठे असेल: कचेरीतल्या कपाटात, की शाळेच्या भिंतीवर?

इंग्लंडमध्ये तेथील पर्यावरण खात्याने पुरासाठी केलेली लिडारची मोजणी २०१५ साली सर्वांना फुकट खुली केली. खात्याला नद्यांच्या पुराची काळजी होती. हौशी इतिहासप्रेमींनी तेच आकडे घरच्या संगणकावर उघडून शेतांखाली बुजलेले रोमन काळातले रस्ते शोधून काढले. खात्याने स्वतःहून तो शोध कधी घेतला नसता. त्याचे ते कामच नव्हते.

दुसरी हरकत अधिक प्रामाणिक आहे. ढग फार मोठा असतो, तो उघडायला चांगला संगणक लागतो, आणि तो वाचता येणारी माणसे गावात नाहीत. हे खरे आहे. म्हणूनच मी गावात ढग पाठवा असे न म्हणता चित्रे लावा म्हणतो. शिवाय समोच्च रेषा वाचायला आपण भूगोलाच्या तासाला शिकतोच की! रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा, दूर गेल्या की उतार संथ, एवढे लिहून दोन गुण मिळवायचे आणि पुस्तक मिटायचे, असे आजवर होत आले. त्या रेषांत स्वतःच्या आजोबांचे शेत असेल तर धडा वेगळा लागेल.

शिक्षकांना एक विनंती करतो. ढग हाती येण्याची वाट न पाहता सुरुवात करता येईल. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत राहते, हे विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. तिच्या जोरावर आठवी-नववीची मुले शाळेभोवतालच्या एखाद्या शेताच्या उंच-सखल जागा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपर्यंत मोजू शकतात. आधी ही मोजणी मे महिन्यात करा आणि कागदावर समोच्च रेषा काढा. मग जूनमधला पहिला मोठा पाऊस होऊन गेला की तोच कागद घेऊन त्याच जागी जा. पाणी कोठे साचले, कोठून वाहिले, कोणत्या मोरीतून पलीकडे गेले, कोणत्या बांधाने अडवले, ते निळ्या पेन्सिलीने भरा. शेतमालकाला विचारून कोपऱ्यात लिहा की गेल्या वर्षीही असेच होते का. मुलांच्या मे महिन्यातल्या रेषांनुसार जेथे खळगा नाही, तेथे पाणी उभे राहिलेले दिसले, तर ती जागा ठळक करा, तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. पुढे कधी हेलिकॉप्टर येऊन गेले आणि पंचायतीत नकाशा लागला, तर हा कागद त्याच्या शेजारी लावता येईल.